ओठ वाचणारी रांग

अ‍ॅक्रन, ओहायो
रविवार, १२ फेब्रुवारी १९२८

प्रिय आयडा,

काल आम्ही भर थिएटरात तुझी शोभा केली. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच कळवते.

तुझं नवं चित्र लागलंय, कारखान्यामागच्या त्या जुन्या थिएटरात. डावीकडची चौथी रांग आमची, टायर कारखान्यातल्या बहिऱ्यांची, हे तुला ठाऊकच आहे. चित्रात तुझा नवरा मेलाय, शवपेटी समोर आहे, तू तिच्यावर डोकं टेकून रडतेस. पडद्यावर तुझ्या बोलण्याची पाटी आली, 'आता या घरात दिवा कोण लावणार?' सगळ्या थिएटराने रुमाल काढले. आणि आमची रांग पोट धरून हसत होती. कारण ओठांनी तू म्हणत होतीस, 'सकाळपासून हा बाबा कांदा खाऊन माझ्या तोंडावर श्वास सोडतोय. मेल्यावर तरी थांबेल असं वाटलं होतं. आणि हे बूट कुणाच्या मापाचे आणलेत?'

पुढच्या रांगेतल्या बाईने मागे वळून आमच्याकडे असं पाहिलं, जणू आम्हीच त्याला मारून पेटीत घातलंय. मॅनेजर बॅटरी घेऊन आला. क्लाइडने त्याला कागदावर लिहून दिलं की बाई काय बोलली ते तुम्हाला कळलं असतं तर तुम्हीही हसला असता. त्याने तो कागद वाचला आणि माझ्या नवऱ्याला वेड्यात काढलं.

आता माझं काम. आमच्या क्लबात दर महिन्याला एकाने उभं राहून गोष्ट सांगायची असते, पुढची पाळी माझी. मी तुझी सांगणार आहे. पण मासिकातली नको. मासिकातली लोरेन अ‍ॅशबी, म्हणजे पडद्यावरची तू, व्हर्जिनियातल्या न्यायाधीशाची पोर आहे आणि तिचं सगळं घरदार बोटीबरोबर बुडालंय. आपल्या बापाने जन्मात बोट पाहिली नाही, आणि मी बुडून मेल्याचं मला न्हाव्याच्या दुकानात वाचायला मिळालं. खरं काय ते लिहून पाठव. मला निम्मंच ठाऊक आहे.

डोळे सुजलेले का दिसत होते गं? रडण्याची सूज वेगळी असते.

तुझी
व्हर्ना

---

हॉलिवूड
४ मार्च १९२८

प्रिय व्हर्ना,

कांद्याचं खरं आहे, बुटांचंही. इथे सगळेच काहीबाही बोलतात. ओठ हलले की काम झालं, दिग्दर्शक कर्ण्यातून ओरडत असतो, बाजूला सुतार खिळे ठोकत असतात. देशभरातल्या बहिऱ्यांना आमचं सगळं कळतं हे इथे कुणाला सांगितलं तर निम्मे नट तोंडाला पट्टी बांधून येतील.

गोष्ट हवी तर घे. आई बहिरी, बाप बहिरा, तू बहिरी, घरात ऐकणारी मी एकटी. दार वाजलं, दूध उतू गेलं, खाली भांडण लागलं, सगळं कळवायचं काम माझं. बोलायला मी पाचव्या वर्षी शिकले आणि तेही खालच्या मिसेस ग्रूबरकडून. ती खाटकाची विधवा, दिवसभर गिऱ्हाइकांवर ओरडायची. आवाज म्हणजे तोच, असं मला वाटलं. बाकी सगळं हातांनी आणि चेहऱ्याने. तुझ्याशी भांडताना चेहरा जरा जरी आळशीपणा करी, तरी तू पाठ फिरवायचीस. तेव्हा अभिनय मी कुठे शिकले ते क्लबला सांग.

तू शिकागोला मला भेटायला आलीस तो दिवस आठवतो? मी हातमोज्यांच्या दुकानात होते, तू काचेच्या पलीकडे रस्त्यावर. मी आतून तुला मालकाच्या नकला करून दाखवत होते. तुझ्या मागे एक माणूस उभा राहून बघत होता. तो सिनेमावाला निघाला. पहिलं वर्षभर मी फक्त पाण्यात पडत होते. तळ्यात, हौदात, एकदा रंगाच्या पिंपात. मग कॅलिफोर्निया, मग मोलकरीण, मग नायिकेची मैत्रीण, आणि एकदा नायिका आजारी पडली म्हणून नायिका.

तेव्हाच जाहिरातीच्या खात्याने मला बसवून सांगितलं की बहिऱ्या जोडे शिवणाऱ्याची पोर बघायला कुणी तिकीट काढत नाही. न्यायाधीश त्यांनी आणला, बोटही त्यांनीच बुडवली. मला एकच ताकीद होती. चारचौघांत हातांनी बोलायचं नाही. तेव्हापासून मी मेजवानीला हात मांडीत घेऊन बसते आणि लोक म्हणतात, काय घरंदाज मुलगी आहे. भुवईवरची खूण रोज सकाळी रंगाने बुजवतात. आपल्या हातांच्या भाषेत ती खूण म्हणजेच मी, तेव्हा माझं नावच बुजवतात. भुवईवर अंगठा टेकवून मला हाक मारणारं इथे कुणी नाही.

डोळ्यांचं म्हणशील तर दिव्यांनी जळतात. रात्री बटाट्याच्या चकत्या ठेवून पडते. रडायला मात्र डोळे लागत नाहीत, त्याला व्हायोलिनवाला म्हातारा आहे. सेटच्या कोपऱ्यात बसून तो एकच सूर लावतो आणि माझ्या गालांवर पाणी येतं. बारा वर्षं आम्ही दोघं असंच पोट भरतोय. थकवा इतका आलाय की हल्ली त्याने पेटी उघडली तरी रडू येतं.

हे क्लबबाहेर जाऊ देऊ नकोस.

तुझी
आयडा

---

अ‍ॅक्रन
रविवार, १९ ऑगस्ट १९२८

प्रिय आयडा,

क्लबबाहेर कसं जाणार? बाहेरच्याला आमचं कळतं कुठे?

गोष्ट रंगली. रंगाच्या पिंपाला लोकांनी पाय आपटून दाद दिली. फरशी हलली ती माझ्या तळव्यांना कळली. शेवटी एक म्हातारा उठला आणि त्याने विचारलं, तिचे हात अजून चालतात का? मी म्हटलं, चालत असणार. चालतात ना गं?

आता वाईट बातमी. गावातल्या मोठ्या थिएटरात बोलणारं चित्र आलं. आम्ही नऊजण नवे कपडे घालून गेलो. पडद्यावर माणसं एका फुलदाणीभोवती उभी राहतात आणि बोलतात. हलत नाहीत, धावत नाहीत, एकाने तर आमच्याकडे पाठ फिरवूनच सगळं सांगितलं. पाट्या नाहीत. आजूबाजूचे हसले की आम्ही एकमेकांकडे बघायचं. अर्ध्यावर उठून आलो. इतकी वर्षं त्या अंधारात आम्ही बाकीच्यांसारखेच होतो आयडा. त्या दिवशी पहिल्यांदा तिकीट काढून बहिरे झालो. घरी येईपर्यंत क्लाइडचे हात खिशातच होते.

आमचं जुनं थिएटर आहे तोवर आहे. त्याचा मालक चिक्कू, नवं यंत्र घ्यायचा नाही. त्याच्या चिक्कूपणाला उदंड आयुष्य मिळो.

तुझं कसं होणार? तू ऐकतेस, बोलतेस, तुझं अडायचं नाही. माझंच अडेल. सहा-सहा महिन्यांनी पडद्यावर तुझा तोंडावळा बघून मला कळायचं की पोर जेवते की नाही. मागची खोली रंगवली आहे. भाडेकरू ठेवणार नाही. का ते विचारू नकोस.

व्हर्ना

---

हॉलिवूड
२८ ऑक्टोबर १९२८

प्रिय व्हर्ना,

तुमचं वाचून वाईट वाटलं. इथे मात्र सगळं उत्तम आहे. माझ्या आवाजाची चाचणी झाली आणि सर्वांना समाधान वाटलं. आवाज खर्जातला आहे, निराळा आहे असं मत पडलं. उच्चार शिकवायला एक बाई येतात. त्या इंग्लंडच्या आहेत.

नवीन चित्राचं काम जोरात आहे. मी एका कप्तानाची वाग्दत्त वधू आहे. तो लढाईवर जातो आणि मी वाट पाहते. सेटवर आता पूर्ण शांतता पाळावी लागते, त्यामुळे कर्णा नाही, सुतार नाहीत, व्हायोलिनही नाही. म्हाताऱ्याला रजा दिली आहे.

नाताळात येऊ नका, मला वेळ होणार नाही. माझी तब्येत चांगली आहे. काळजी नसावी.

तुझी
आयडा

---

अ‍ॅक्रन
रविवार, २० जानेवारी १९२९

आयडा,

तुझं पत्र तीनदा वाचलं. 'सर्वांना समाधान वाटलं.' 'काळजी नसावी.' असं तू कधीपासून लिहायला लागलीस? हे पत्र तुझं आहे की न्यायाधीशाच्या पोरीचं?

कागदावर कुणीही काहीही लिहितं. समोर असतीस तर हनुवटी धरून उजेडाकडे वळवली असती आणि म्हटलं असतं, आता सांग. मी नाताळात निघालेच होते, क्लाइडने अडवलं. म्हणाला, नको म्हणतेय तर नको, मागच्या खेपेचं आठव. मागच्या खेपेला स्टुडिओच्या फाटकाशी तू त्या टोपीवाल्याला सांगितलंस की ही माझी कपडे शिवणारी. मी ओठ वाचले होते. मी काही मनात धरलं नाही, बाई. तुझं पोट त्या खोट्यावर होतं. मी त्याची सुटलेली गुंडी टाचून दिली आणि त्याने मला सफरचंद दिलं. पण क्लाइडला ते सफरचंद अजून गिळता येत नाही.

ये म्हणालीस तर येईन. पण तू म्हटल्याशिवाय येणार नाही.

व्हर्ना

---

हॉलिवूड
७ एप्रिल १९२९

प्रिय व्हर्ना,

उशिराबद्दल क्षमस्व. चित्र पूर्ण झालं. बोलतं आहे, आणि माझ्या आवाजाची पेपरात तारीफ आली आहे. 'लोण्यासारखा' असं एकाने लिहिलं.

तू ते पाहू नकोस. तुला काही कळणार नाही आणि उगाच त्रास होईल. उन्हाळ्यात मी बहुधा न्यूयॉर्कला नाटकात काम करीन, किंवा युरोपात जाईन. पत्ता बदलला आहे, घर मोठं होतं म्हणून लहान घेतलं. मला कशाचीही गरज नाही.

क्लाइडला नमस्कार सांग.

आयडा

---

अ‍ॅक्रन
रविवार, ९ जून १९२९

आयडा, माझ्या पोरी,

लोण्यासारखा आवाज म्हणे. मिसेस ग्रूबरने तुला बोलायला शिकवलं आणि कुणी म्हणतं लोण्यासारखा. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

तू नको म्हणालीस म्हणून आम्ही मोठ्या थिएटरात गेलो नाही. पण काल आमच्या चिक्कू मालकाने तुझं चित्र लावलं. त्याच्याकडे यंत्र नाही म्हणून त्याला मुकी प्रत मिळाली, पाट्या घातलेली. अशी प्रत निघते हे मलाही नवीन. आम्ही चौथ्या रांगेत बसलो, मागची रांगही आमचीच होती, सगळा क्लब लोटला होता. बायकांनी केक आणला होता.

स्टेशनाचा प्रसंग आला. कप्तान निघालाय. तुझे दोन्ही हात त्याने छातीशी धरून ठेवलेत, तुला ते हलवता येत नाहीत. तुझा चेहरा सगळा पडदा भरून आला. पाटी होती, 'जा कप्तान, मी जन्मभर तुमची वाट पाहीन.' आणि तू म्हणत होतीस:

'व्हर्ना, मी खोटं लिहिते. त्यांना माझा आवाज नको. उद्या माझ्या जागी दुसरी बोलणार आणि मी नुसतं तोंड हलवणार. मग तेही नको असेल त्यांना. मला डाव्या डोळ्याने धूसर दिसतं. मी थकले गं. मला न्यायला ये.'

पुढच्या रांगेतली तीच बाई रुमालात रडत होती, कप्तान गेला म्हणून. मागच्या रांगेत ज्यांना नीट वाचता आलं नाही त्यांना क्लाइड उभा राहून सांगत होता. पडद्याच्या उजेडात त्याचे हात सगळ्यांना दिसत होते. 'खाली बस' म्हणून कुणी ओरडलं असेल, त्याला काय त्याचं. मग आमच्या दोन्ही रांगा रडल्या. आयडा, इतक्या वर्षांत ऐकणारे आणि आम्ही एकाच वेळी रडलो असं हे पहिलंच चित्र. मॅनेजर बॅटरी घेऊन आला, बघून तसाच परत गेला.

मी कप्तानाचं पुढे काय झालं ते पाहिलं नाही. केक कापला नाही. रात्रीत क्लबच्या बायकांनी माझी पेटी भरली. एकीने स्वतःचा कोट दिला, कॅलिफोर्नियात कोट लागत नाही हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

तू ये म्हटलंस, मी येते. हे पत्र माझ्या आधी एक दिवस पोचेल. शनिवारी सकाळची गाडी. तुझा नवा पत्ता मला शोधता यायचा नाही, आणि मी कुणाला विचारलं तर त्याला माझं बोलणं कळायचं नाही, तेव्हा तूच स्टेशनवर ये. गर्दीत हाक मारू नकोस, मला ऐकू येत नाही. हात वर करावा लागेल. चारचौघांत. जमणार असेल तर ये. नाहीच जमलं तर मी बाकावर बसून राहीन आणि कुणी विचारलं तर कपडे शिवणारी आहे म्हणेन.

व्हर्ना

---

हॉलिवूड
१६ जून १९२९

प्रिय क्लाइड,

व्हर्ना पोचली. आत्ता माझ्या पलंगावर आडवी पडून झोपली आहे आणि माझी उशीही तिच्याकडेच आहे. हे पत्र मीच लिहावं असं तिने झोपण्याआधी बजावलं, कारण तू सफरचंद अजून गिळलेलं नाहीस.

स्टेशनाचा तो प्रसंग आम्ही डिसेंबरात काढला. बोलका दुसऱ्या दिवशी काढायचा ठरला होता, पण यंत्र नसलेल्या खेड्यापाड्यांतल्या थिएटरांसाठी एक मुका काढून ठेवायचा होता. दिग्दर्शक जांभई देत म्हणाला, काय हवं ते बोल, हे कोण बघणार आहे? मुका प्रसंग म्हणून त्या दिवसापुरतं म्हाताऱ्याला परत बोलावलं होतं. त्याने तोच सूर लावला. माझे हात त्या नटाच्या मुठीत होते. तोंड मोकळं होतं. मी बोलले. मला वाटलं, अ‍ॅक्रन काही खेडं नाही, तिथे हे पोचायचं नाही. तुमच्या मालकाचा चिक्कूपणा माझ्या लक्षात राहिला नाही. आणि खरं सांगू का, थोडासा राहिलाही असेल. लिहायला मला लाज वाटत होती. पडद्यावर तुमच्या रांगेशी मी कधी खोटं बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी, आवाज पकडायचं यंत्र ज्या फुलदाणीत लपवतात तिच्यामागे एक गोड गळ्याची मुलगी उभी राहिली आणि मी तोंड हलवलं. फेब्रुवारीत स्टुडिओने मला निरोप दिला. चाचणीच्या वेळी साहेब म्हणाले होते, ही बाई प्रेम करते की अर्धा शेर कलेजी तोलून मागते? सगळे हसले. मीही हसले, खरंच तसंच वाटत होतं.

काल स्टेशनवर मी तोंडाला रंग न लावता गेले. गाडी आली, माणसं उतरली, आणि शेवटच्या डब्यातून ती, जूनच्या उन्हात हिवाळ्याचा कोट घालून. ती इकडेतिकडे बघत होती. मी हात वर केला. आधी नुसताच वर केला, बोटं उघडेनात, अवघडली होती. मग गालावरच्या तिळाच्या जागी दोनदा बोट टेकवून तिचं नाव घेतलं. पुन्हा घेतलं, मोठ्याने. तिने पेटी टाकली आणि भुवईवर अंगठा टेकवला. किती वर्षांनी मला कुणी हाक मारली, क्लाइड. मग आम्ही दोघी फलाटाच्या मधोमध उभ्या राहून हातांनी इतकं बोललो की हमालांना वळसा घालून जावं लागलं.

शेजारून एक जोडपं चाललं होतं. बाई थबकली. नवऱ्याला म्हणाली, 'अहो, ही लोरेन अ‍ॅशबी तर नव्हे?' त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, 'छे गं. ही तर मुकी आहे.'

मला ते ऐकू आलं. व्हर्नाने वाचलं. ती मला विचारत होती, आता काय सांगतेस यांना? मी वळले आणि मिसेस ग्रूबरच्या आवाजात, सगळ्या फलाटाला ऐकू जाईल असं त्यांना सांगितलं, 'मुकी नाही हो मी. हिची बहीण आहे.'

मंगळवारच्या गाडीने निघतो. मागच्या खोलीची खिडकी उघडून ठेव.

आयडा